‘इशारा देऊनही गाडी थांबली नाही’

सैन्याच्या तपासणी नाक्यावर एखादा साधा प्रवासी मारला गेला, की पहिल्या बातमीत एक वाक्य हटकून येतं: ‘थांबण्याचा इशारा देऊनही गाडी थांबली नाही.’ देश कुठलाही असो, सैन्य कुणाचंही असो, वाक्य तेच. ते वाचलं की आपल्यापैकी बहुतेकांचं समाधान होतं. थांबायला सांगितलं होतं ना, मग थांबायचं होतं. आपण पान उलटतो.

हे वाक्य खोटंच असतं असं मी म्हणत नाही. पुष्कळदा ते खरंही असतं. पण इशारा दिला म्हणजे नेमकं काय केलं? हात दाखवला, टॉर्च हलवली, ओरडून सांगितलं, की हवेत गोळी झाडली? किती अंतरावरून? गाडी चालवणाऱ्याला तो दिसला का? दिसला तर थांबण्याचा इशारा म्हणून कळला का? कळला तर ब्रेक लावून थांबण्याइतकी जागा पुढे उरली होती का? यातलं काहीही त्या वाक्यात नसतं, आणि तरी चौकशीचा निकाल बहुतेक वेळा त्याच वाक्यावर लागतो. समजेल असा इशारा देणं हे बंदूक हातात असलेल्याचं काम आहे, आणि तो तसा दिला होता हे दाखवून देणंही त्याच्याच बाजूचं काम आहे, असं माझं ठाम मत आहे. आज हे ओझं उलट बाजूला, मेलेल्या माणसावर टाकलं जातं. तो काही सांगायला येऊ शकत नाही.

जवानाची बाजू आधी मांडते, कारण ती खरी आहे आणि तिच्याकडे डोळेझाक करून या विषयावर बोलणं बेजबाबदारपणाचं ठरेल. २९ मार्च २००३ रोजी इराकमध्ये नजफजवळच्या अमेरिकी नाक्यावर एक टॅक्सी येऊन थांबली. चालकाने मदत हवी असल्याची खूण केली, जवान जवळ गेले आणि स्फोट झाला. चार जवान ठार झाले. १४ फेब्रुवारी २०१९ रोजी पुलवामा जिल्ह्यात लेथपुऱ्याजवळ स्फोटकांनी भरलेली गाडी केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या ताफ्यावर आदळली आणि ४० जवान गेले. अशा रस्त्यावर उभ्या असलेल्या वीस-बावीस वर्षांच्या मुलासाठी वेगाने जवळ येणारी प्रत्येक गाडी हा एक प्रश्न असतो आणि उत्तर द्यायला त्याच्याकडे दोन-तीन सेकंद असतात. तो क्रूर असतो म्हणून गोळी झाडतो असं मानणं सोपं आहे, आणि बहुतांश वेळा चुकीचंही आहे. तो घाबरलेला असतो, थकलेला असतो, आणि आपल्या आधी इथे उभ्या असलेल्याचं काय झालं हे त्याला माहीत असतं.

पण नजफच्या घटनेनंतर दोनच दिवसांनी, ३१ मार्चला, त्याच भागात एका नाक्याकडे येणाऱ्या गाडीवर सैनिकांनी तोफगोळे डागले. आत लढाई चुकवून निघालेलं कुटुंब होतं, बायका आणि मुलं. सैन्याने मृतांचा आकडा सात सांगितला, तिथे हजर असलेल्या पत्रकाराने दहा. पहिल्या प्रसंगातली भीती दुसऱ्या प्रसंगात उतरली आणि ज्यांचा पहिल्याशी काडीचा संबंध नव्हता ती माणसं मेली. भीती खरी होती म्हणून ती पुरेशी ठरत नाही. शस्त्र दिलेल्या माणसाला भीती वाटणार हे गृहीत धरून नाका उभा करायला हवा, आणि ते काम त्या पोराचं नव्हे, त्याला तिथे उभं करणाऱ्यांचं आहे.

इथे थोडं गणित करायला हवं. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर पुढे सरकते. समोर काहीतरी आहे हे दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत चांगल्या चालकालाही दीड सेकंद लागतो, म्हणजे २५ मीटर गेले. मग कोरड्या रस्त्यावर गाडी प्रत्यक्ष थांबायला आणखी वीसेक मीटर. एकूण ४५. वेग ८० असेल तर हेच अंतर ७० मीटरच्या आसपास जातं. रस्ता ओला असेल, ट्रक भरलेला असेल, टायर गुळगुळीत झाले असतील तर विचारायलाच नको. आणि हा हिशेब समोर अडथळा आहे हे लगेच उमगलेल्या चालकाचा आहे. रात्री अंधारात अचानक डोळ्यांवर प्रखर झोत आला तर आधी डोळे दिपतात. हा झोत कुणाचा, सैन्याचा की लुटारूंचा, हे ठरवण्यात एक-दोन सेकंद जातात. त्यातच गोळीचा आवाज आला तर माणसाची पहिली प्रतिक्रिया थांबण्याची नसते, तिथून निसटण्याची असते. इशारा म्हणून झाडलेल्या गोळीने घाबरून चालक ॲक्सिलरेटर दाबतो आणि जवानाच्या नजरेत तो त्याच क्षणी हल्लेखोर ठरतो. दोघंही आपापल्या जागी शहाणपणाने वागले आणि तरी एक जण मेला, असं इथे होऊ शकतं.

४ मार्च २००५ ची रात्र आठवा. इटलीच्या गुप्तचर खात्यातले अधिकारी निकोला कालिपारी हे अपहृत पत्रकार जुलियाना स्ग्रेना यांना सोडवून बगदादच्या विमानतळाकडे निघाले होते. अमेरिकी राजदूत त्या वाटेने जाणार म्हणून सैनिकांनी रस्त्यावर तात्पुरता अडथळा उभा केला होता. गाडी त्या वळणावर पोचली, झोत पडला, गोळ्या सुटल्या, आणि महिनाभराच्या कैदेतून नुकत्याच सुटलेल्या स्ग्रेना यांच्या अंगावर कालिपारी कोसळले. ज्यांच्या बाजूने लढायला इटलीचे सैनिक इराकमध्ये होते, त्यांच्याच गोळीने. अमेरिका आणि इटली यांनी मिळून चौकशी केली आणि निष्कर्षावर त्यांचं एकमत झालं नाही. सैनिकांनी नियम पाळले, असं अमेरिकी अहवालाने म्हटलं. इटलीने गोळीबार मुद्दाम केल्याचा दावा केला नाही, पण नाका ज्या पद्धतीने लावला होता त्यावर आणि सैनिकांच्या अननुभवावर बोट ठेवलं. मला यातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. सैनिकांना निर्दोष ठरवणाऱ्या त्या अमेरिकी अहवालानेही पुढच्यासाठी सूचना केल्या त्या रस्त्यावरच्या खुणा सुधारा, गाड्यांचा वेग कमी करणारे अडथळे वापरा, अशा स्वरूपाच्या होत्या. म्हणजे दोष कुणाचाच नाही असं म्हणताना, काय नव्हतं हे त्यांना पुरतं ठाऊक होतं.

आणि या सुधारणा केल्या की फरक पडतो. २००६ मध्ये इराकमधल्या अमेरिकी फौजांचे एक सेनापती पीटर चियारेली यांनी नाक्यांवर आणि ताफ्यांजवळ सैनिकांनी केलेल्या गोळीबाराच्या घटना मोजायला लावल्या, आणि मृत्यू किंवा गंभीर दुखापत झालेल्या प्रत्येक घटनेची चौकशी बंधनकारक केली. आठवड्याला साधारण सात नागरिक अशा घटनांत मरत होते, ते प्रमाण साधारण एकावर आल्याचं सैन्यानेच सांगितलं. युद्ध तेच, भीती तीच. तरीही माणसं वाचली, कारण प्रत्येक गोळीचा जाब द्यावा लागणार हे सगळ्यांना कळलं. चार वर्षांनी अफगाणिस्तानातले अमेरिकी सेनापती स्टॅनली मॅकक्रिस्टल यांनी आपल्याच सैनिकांशी बोलताना कबूल केलं, की आपण खूप लोकांवर गोळ्या झाडल्या आहेत आणि माझ्या माहितीप्रमाणे त्यातला एकही जण खरा धोका निघाला नाही. हे कुठल्या मानवाधिकार कार्यकर्त्याचं वाक्य नाही. ज्याच्या हुकमाखाली ते नाके चालत होते त्याचं आहे.

आता आपल्या देशाकडे येऊ. ३ नोव्हेंबर २०१४ रोजी काश्मीरच्या बडगाम जिल्ह्यात छत्तरगामला लष्कराच्या नाक्यावर एका मारुती गाडीवर गोळीबार झाला आणि दोन तरुण मुलं गेली. गाडी थांबली नाही, हे वाक्य तेव्हाही आलंच. पण त्या वेळी एक वेगळी गोष्ट घडली. चारच दिवसांनी लष्कराच्या उत्तर विभागाचे प्रमुख लेफ्टनंट जनरल डी. एस. हुडा यांनी पत्रकारांसमोर येऊन सांगितलं, की चूक आमची आहे, ओळखण्यात चूक झाली, आम्ही जबाबदारी घेतो. लष्कराच्या चौकशीत नऊ जणांना दोषी धरण्यात आलं. त्या मुलांच्या आईवडिलांचं दुःख त्याने तसूभरही कमी झालं नसेल. पण निदान त्यांच्या मेलेल्या मुलांवर अतिरेकी असल्याचा डाग राहिला नाही. चूक कबूल केल्याने लष्कराची मान खाली गेली असं मला तेव्हा वाटलं नाही आणि आजही वाटत नाही.

४ डिसेंबर २०२१ रोजी नागालँडच्या मोन जिल्ह्यात ओटिंगजवळ जे घडलं तिथे मात्र तसं झालं नाही. तो नेहमीचा नाका नव्हता, सैन्याने दबा धरला होता. शनिवार होता. कोळशाच्या खाणीत आठवडाभर राबलेले मजूर पिकअप गाडीतून गावाकडे परतत होते. गाडीत आठ जण होते, सहा जागीच गेले. नंतर भडकलेल्या गावकऱ्यांशी झालेल्या चकमकीत आणि दुसऱ्या दिवशीच्या निदर्शनात आणखी आठ नागरिक आणि एक जवान मिळून नऊ जीव गेले. केंद्रीय गृहमंत्र्यांनी लोकसभेत सांगितलं, की गाडीला थांबण्याचा इशारा केला होता, पण ती निसटण्याचा प्रयत्न करू लागली. वाचलेल्या मजुराने सांगितलं, की इशारा असा काही झालाच नाही. कुणाचं खरं? हे ठरवण्याची जागा न्यायालय. नागालँड पोलिसांच्या विशेष तपास पथकाने ३० लष्करी कर्मचाऱ्यांविरुद्ध आरोपपत्र दाखल केलं, ओळख पटवल्याशिवाय गोळीबार झाला असा निष्कर्ष काढला. पण ‘अफ्स्पा’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या १९५८ च्या सशस्त्र दल विशेषाधिकार कायद्याचं सहावं कलम सांगतं, की केंद्र सरकारच्या पूर्वपरवानगीशिवाय खटला चालवता येणार नाही. २०२३ मध्ये केंद्राने परवानगी नाकारली. सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे फौजदारी प्रकरण बंद केलं. पुढे परवानगी मिळाली तर ते चालवता येईल, एवढी फट ठेवली.

इशारा दिला होता की नव्हता, या साध्या प्रश्नाचं उत्तर त्या मजुरांच्या घरच्यांना न्यायालयातून मिळालं नाही, आणि आताच्या स्थितीत मिळेल असं दिसत नाही. हा काही अपवाद नव्हे. जानेवारी २०१८ मध्ये राज्यसभेत संरक्षण खात्याने दिलेल्या उत्तरानुसार जम्मू-काश्मीर सरकारकडून खटल्याच्या परवानगीसाठी आलेल्या ५० प्रकरणांपैकी ४७ नाकारली गेली होती आणि तीन प्रलंबित होती. परवानगी दिलेलं एकही नव्हतं. सगळी ५० प्रकरणं खरी होती असं मी म्हणणार नाही. पण ५० पैकी एकही न्यायाधीशासमोर जाण्याच्या लायकीचं नव्हतं, यावर विश्वास ठेवायला मन तयार होत नाही. न्यायालयांनी आपल्या परीने सांगून झालं आहे. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अफ्स्पा वैध ठरवला, पण लष्कराने स्वतःच आखलेले ‘काय करावं, काय करू नये’ हे नियम बंधनकारक आहेत असंही बजावलं. २०१६ मध्ये मणिपूरच्या प्रकरणात, ‘अशांत’ म्हणून जाहीर केलेल्या, म्हणजे अफ्स्पा लागू असलेल्या क्षेत्रात असला तरी सैनिकाला फौजदारी कारवाईपासून सरसकट अभय नाही, असं स्पष्ट केलं. नियम आहेत, निकाल आहेत. परवानगीच्या फायलीपाशी सगळं अडतं.

गोळीबार ही नाक्यावरची सगळ्यात भयंकर गोष्ट, पण रोजची नव्हे. रोजची गोष्ट वेगळी असते. बसमधून सगळ्यांना उतरवणं, बायामाणसांनी सामान उचलून चालत पलीकडे जाणं, ओळखपत्र हातात घेऊन ते परत न देता ताटकळत ठेवणं, बापाला त्याच्या मुलांसमोर एकेरीत बोलणं. या रोजच्या अपमानाचं आणि त्या एका गोळीचं नातं आहे. उत्तर आयर्लंडमध्ये ऑग्नाक्लॉय इथे ब्रिटिश सैन्याचा सीमेवरचा नाका होता. २३ वर्षांचा एक तरुण त्या वाटेने नेहमी जायचा आणि आपल्याला तिथे सतत छळलं जातं अशी त्याची तक्रार होती. २१ फेब्रुवारी १९८८ रोजी तो फुटबॉलचा सामना पाहायला नाका ओलांडून चालत निघाला आणि मागून गोळी लागून मेला. ओल्या हातामुळे बोट घसरलं, असं सैनिकाने सांगितलं. नोव्हेंबर २०२२ मध्ये, ३४ वर्षांनी, न्यायालयाने त्याला मनुष्यवधाबद्दल दोषी ठरवलं आणि नंतर तीन वर्षांची स्थगित शिक्षा दिली. तोवर तो नाकाही उरला नव्हता. ३४ वर्षं त्या घरातल्या माणसांनी अपघात हा शब्द ऐकला. आधीच्या छळाच्या तक्रारींची वेळीच कुणी दखल घेतली असती, तिथल्या सैनिकांना या माणसाला माणूस म्हणून वागवा असं सांगितलं असतं, तर पुढचं टळलं असतं का? खात्रीने कुणी सांगू शकत नाही. पण ज्याला रोज हिणवायची मुभा आहे, त्याच्यावर रोखलेल्या बंदुकीबाबत माणूस निष्काळजी होतो, हे समजायला फार शहाणपण लागत नाही.

पर्यटक म्हणून जाणाऱ्याला हे दिसत नाही. त्याच्या गाडीत जवान डोकावतो, हसतो, कुठून आलात विचारतो, पुढे जा म्हणतो. पर्यटक ‘जय हिंद’ म्हणतो, भारावतो, घरी येऊन सांगतो की जवान किती चांगले असतात. खोटं नाही ते. मीही असे चांगले जवान पाहिले आहेत, घाटात अडकलेल्या आमच्या गाडीला त्यांनीच ढकलून बाहेर काढलं आहे. पण त्याच नाक्यावर त्याच जवानाचा आवाज पुढच्या गाडीतल्या स्थानिक माणसाशी बदललेला मी ऐकला आहे. एका नाक्यावर दोन रांगा असतात आणि आपण त्यातली फक्त आपली पाहून मत बनवतो.

अशाच एका प्रवासात रात्रीची सामाईक जीप होती. शेवटचं वळण यायच्या बरंच आधी चालकाने गाणं बंद केलं, काच खाली घेतली, हेडलाइट मंद केले आणि गाडीच्या आतला दिवा लावला. आमचे सगळ्यांचे चेहरे एकदम उजळले. बाहेर अजून काहीच दिसत नव्हतं. वळण संपलं आणि समोर ड्रम, लाकडी फळी आणि टॉर्च. जवानाने आत पाहिलं, हात हलवला, आम्ही पुढे गेलो. आतला दिवा लावायचा हे तुम्हाला कुणी सांगितलं, असं मी विचारलं. इथे सगळ्यांना माहीत असतं, एवढंच तो म्हणाला. कुठल्याही पाटीवर ते लिहिलेलं नव्हतं. ज्याला माहीत नसेल, पहिल्यांदाच त्या रस्त्याने येणारा परगावचा ट्रकवाला, आजारी माणसाला घेऊन भरधाव निघालेला भाचा, त्याने ते कुठून शिकायचं?

म्हणून माझी मागणी साधी आहे. कायमचा असो की तात्पुरता, प्रत्येक नाक्याआधी थांबण्याच्या अंतराच्या किमान दुप्पट अंतरावर उजेडात दिसणारी पाटी असावी, स्थानिक भाषेत आणि चित्रात. शब्दांइतकंच चित्र महत्त्वाचं, कारण हाताच्या खुणा सगळीकडे सारख्या नसतात. उगारलेली मूठ हा अमेरिकी सैनिकांसाठी थांबण्याचा इशारा, पण रस्त्यावरच्या इराकी माणसाला तो तसा कळेलच असं नव्हतं. गोळीच्या आधी गाडीचा वेग बळेच कमी करणाऱ्या गोष्टी हव्यात: गतिरोधक, नागमोडी लावलेले ड्रम, टायर पंक्चर करणारी खिळ्यांची पट्टी. स्थानिक भाषा बोलणारा पोलीस हजर हवा. नाक्यावर कॅमेरा हवा आणि त्याचं चित्रण तिथल्या तुकडीच्या ताब्यात राहू नये. माणूस मेला तर चौकशीत पहिला प्रश्न नाक्याच्या मांडणीचा विचारला जावा, गाडीच्या वेगाचा नंतर. आणि खटल्याची परवानगी नाकारायची असेल तर ठरलेल्या मुदतीत, कारणं लिहून, मृताच्या घरच्यांना कळवून.

यावर हमखास येणारा आक्षेप म्हणजे, एवढे नियम लादले तर जवानाचे हात बांधले जातील, तो कचरेल आणि मरेल. मला नेमकं उलटं दिसतं. जिथे पाटी नाही, उजेड नाही, तिथे निरपराध माणूसही अडखळतो, उशिरा थांबतो, घाबरून पळतो; त्यामुळे न थांबणाऱ्या दहा गाड्यांत खरा हल्लेखोर कोणता हे जवानाला ओळखता येत नाही. नाका नीट लावला की साधी माणसं हमखास थांबतात. मग गतिरोधक, ड्रम आणि दिवे ओलांडूनही जी गाडी पुढे येते तिच्याबद्दल त्याला खात्री वाटू शकते. विचार करायला मिळालेले ते जादा चार सेकंद प्रवाशाइतकेच जवानाचेही असतात.

त्याच रस्त्याने परत येताना दिवस होता. नाक्यावर गाड्यांची रांग लागली होती म्हणून मी खाली उतरले आणि वळणापासून पहिल्या ड्रमपर्यंत पावलं मोजत आले. साठ भरली. माझ्या पावलांनी पंचेचाळीस मीटरसुद्धा नाहीत. जवानाने हटकलं, काय मोजताय. मी खरं ते सांगितलं. तो रागावेल असं वाटलं होतं. त्याने मान वळवून त्या वळणाकडे पाहिलं आणि म्हणाला, चार महिने रात्रपाळी करतोय इथे. दिवे एकदम अंगावर येतात, मागे कोण बसलंय काही दिसत नाही. दिवा लावा म्हणून सांगितलंय वर. मग रांग पुढे सरकली आणि त्याने मला जीपमध्ये जाऊन बसायला सांगितलं.